शकुनची चिंधी

नाही नाही, बस तू, उठू नकोस – मला कसलीही घाई नाही, मी साडेसातच्या आधी या खोलीतून निघतच नाही, विचार हवं तर दरवानाला. आणि तुला अरे-तुरे करतेय ते चालेल ना? माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. श्रीकांत म्हणालास ना – हां, श्रीकांत. दिल्लीहून माणूस येणार म्हटल्यावर मला वाटलं टाय लावलेला कुणीतरी येईल आणि इंग्रजी झाडेल, तर हा आपला पुण्याचा मुलगा निघाला. माझी मराठी ऐकून हसू नकोस फक्त. आजोबा कलकत्त्याला नोकरीला आले ते परत गेलेच नाहीत, तेव्हा आमची मराठी म्हणजे घरातली आणि गणपतीच्या पाच दिवसांतली. दिवसभर बंगाली, दरवानाशी हिंदी, रिपोर्टात इंग्रजी. त्यामुळे मराठीत बोलायला कुणी मिळालं की मी जरा जास्तच बोलते, तेवढं सांभाळून घे. तर कुठे होतो आपण – हां, खिदिरपूरचे पंप. रोगराई येण्याआधी वस्तीची तयारी करून घ्यायची आणि ती येऊन गेल्यावर वस्तीला परत उभं करायचं, यात कॉलेजांचा काय उपयोग होतो, हा तुझा प्रश्न. त्यावर तुमच्या ऑफिसची पुस्तिका निघतेय आणि तिच्यात आमचं उदाहरण आहे. बरं. लिही मग.

अडुसष्ट साली सुरू केलं आम्ही. कल्पना आमच्या हेडची, दिगंबरबाबूंची – आता नाहीत ते, गेल्या पावसाळ्यात गेले. मी तेव्हाही इथे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि आजही आहे, आमच्यासारख्यांना बढती मिळत नाही, ते जाऊ दे. तर दिगंबरबाबू म्हणाले, दरवर्षी पावसाळ्यात या शहरात कॉलरा येतो, आपण वर्गात त्याच्या जंतूची चित्रं काढून घेतो, आणि इथून चार मैलांवर गोदीच्या मागे लोक त्यानं मरतात – तर हे डिपार्टमेंट कशाला? मग आम्ही तिथल्या वस्तीतले चौदा हातपंप घेतले. दर सोमवारी आमच्या मुली निर्जंतुक केलेल्या बाटल्या घेऊन जायच्या, पाणी आणायच्या, इथे नळ्यांमध्ये घालून गरम पेटीत ठेवायच्या. दोन दिवसांत नळीत वायूचा बुडबुडा धरला की समजायचं, पाण्यात मैला उतरलाय. आणि प्रत्येक पंपाच्या दांडीला आम्ही पत्र्याची चकती बांधली, बशीएवढी – एक बाजू पांढरी, एक लाल. पांढरी पुढे असेल तर प्या, लाल असेल तर पिऊ नका. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. साधं होतं, चांगलं होतं, मी आजही म्हणेन चांगलं होतं. पहिल्या दोन वर्षांत त्या वस्तीत कॉलऱ्याचे पेशंट जवळजवळ दिसेनासे झाले. हे लिही, हे खरं आहे.

सील? हो, सील होतं. ते नंतर आलं. झालं काय, पोरं चकत्या उलटवायची, खेळ त्यांना. आणि एकदा आमच्याच एका मुलीनं – मीनाक्षी तिचं नाव, हुशार पण धांदरट – बाटली नीट उकळली नव्हती, तर चांगला पंप लाल ठरला, चार दिवस बायका गोदीच्या नळापर्यंत हंडे घेऊन गेल्या आणि तिथला पुढारी इथे येऊन टेबलावर हात आपटून गेला. मग दिगंबरबाबूंनी नियम केला. दोन वेळा तपासायचं, दोन्ही वेळा तेच आलं तर हेडची सही घ्यायची, आणि मगच चकती फिरवायची. फिरवली की तार ओवून शिशाचं सील दाबायचं, विजेच्या मीटरला असतं ना तसं. सीलवर नंबर, नंबर रजिस्टरमध्ये, समोर तारीख, समोर सही. सील दाबायचा चिमटा एकच आणि तो माझ्याकडे – हा काय, या ड्रॉवरमध्ये, बघायचाय? जड आहे हां. तर तेव्हापासून ती चकती मी सोडून कुणालाही फिरवता यायची नाही. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू. भाऊबिजेला भावाकडे गेले की सांगायचे, खिदिरपूरच्या चार हजार माणसांनी पाणी प्यायचं की नाही ते माझ्या हातात आहे म्हणून. भाऊ म्हणायचा, विमल, तुझं आपलं काहीतरीच.

शकुनचं नाव तुझ्या कागदात आहे? कसं आहे – "पंपाची देखरेख करणारी स्थानिक स्त्री". एवढंच. बरं. शकुन म्हणजे नऊ नंबरचा पंप. बिहारमधल्या छपऱ्याकडची, नवरा गोदीत हमाल, पंपासमोरच खोली. आम्ही जायच्या आधीपासून तो पंप तीच बघायची, कुणी नेमलेली नव्हती, आपली होऊनच. पहाटे पितळेच्या लोट्यात पाणी काढायची, वर वाटी झाकून ठेवायची, तासाभरानं वाटी उचलून वास घ्यायची. वास बरा आला नाही तर दांडीला चिंधी बांधायची – जुन्या साडीची चिंधी, कुठल्याही रंगाची – आणि ती चिंधी दिसली की त्या गल्लीत कुणी पंपाला हात लावायचं नाही, सगळे गोदीच्या नळावर. इतकं साधं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला लोटा दाखवला, सूंघिए दीदी म्हणाली, मी हसले. वास घेऊन जंतू कळतात होय, असं तिला सांगितलं, मुलींसमोर सांगितलं. आणि चकती बांधायच्या आधी त्या दांडीवरची चिंधी मी या हातांनी सोडली. छोटंसं भाषणही केलं, की आता यापुढे अंदाज नाही, आता कॉलेज सांगेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शकुननंही वाजवल्या. चिंधीची घडी करून कमरेला खोचली तिनं, ते मला का लक्षात राहिलंय कुणास ठाऊक.

चहा घेणार? नको, बरं. पाणी हवं असेल तर त्या बरणीतलं घे, उकळलेलं आहे.

मग एकाहत्तर साल. तू तेव्हा कॉलेजात असशील. इथे कॉलेजं चालू होती असं म्हणायला नको – आज बॉम्ब, उद्या परीक्षेवर बहिष्कार, परवा पोलीस, फाटकाला कुलूप. आणि त्यातच पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले, जूनमध्ये त्यांच्यात कॉलरा पसरला. दिगंबरबाबू सगळं डिपार्टमेंट घेऊन सीमेवर बनगावला गेले. गाडीत मावतील तेवढ्या नळ्या, बाटल्या, मुली. तिथे त्यांनी जे केलं ना – साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवायचं आणि पळीनं पाजत बसायचं, दिवसरात्र, माणसं उठून बसायची. मीनाक्षी सांगते, एक म्हातारा उठून बसला आणि तिलाच विचारतो, तू जेवलीस का. हे सगळं खरं आहे, याचे फोटो आहेत, ते तुझ्या पुस्तिकेत घाल. मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त एवढंच की सगळे तिकडे गेले. इथे मी, एक दरवान, आणि एक गरम पेटी, ती पण वीज असेल तेव्हा गरम. आणि चौदा पंपांवर चौदा चकत्या. जूनच्या पहिल्या तारखेपासून एकाही पंपाचं पाणी कुणी तपासलं नव्हतं. चकत्या मात्र पांढऱ्याच. चकतीला काय कळतं कॉलेज बंद आहे म्हणून.

हे लिहू नकोस.

काय विचारलंस – वस्तीला कळवलं नव्हतं का? कोण कळवणार? आम्हाला सुचलंच नाही रे. कॉलेज बंद म्हणजे तास बंद, एवढंच आमच्या डोक्यात. पांढरी बाजू म्हणजे "तपासलंय, प्या" – तिसरी बाजू चकतीला नव्हतीच, "आम्ही आलोच नाही" असं सांगणारी. आता सुचतं. आता काय उपयोग.

बुधवारी शकुन आली. जूनचा शेवटचा बुधवार, रात्रभर पाऊस झालेला. फाटकाला कुलूप, दरवान सोडेना, तर मागच्या भिंतीवरून चढून आली ती, पस्तिशीची बाई, साडी खोचली होती. हातात डोक्याच्या तेलाची बाटली, बाटलीत पाणी. दीदी, पानी बसाता है. वास येतोय म्हणाली. लोट्यात दोन दिवस वास येतोय, त्यात रात्री पंपाशेजारचं गटारही भरून वाहिलंय, बघा. आणि बाटली पुढे केली. मी बाटली उघडली. तेलाचाच वास आला, दुसरा कसला येणार? तर मी तिला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, वर्गात सांगते तसं – की असा नमुना चालत नाही, बाटली निर्जंतुक लागते, तेलाच्या बाटलीतल्या पाण्याचा काहीही निकाल आला तरी तो धरता येत नाही. आणि ते पाणी ओतून दिलं. त्या बेसिनमध्ये, त्या तिथे. ती बघत उभी. म्हणाली, मग तुम्ही येऊन चकती तरी फिरवा, मी गल्लीत सगळ्यांना सांगतेय पण कुणी ऐकत नाही, म्हणतात चकती पांढरी आहे, तू काय कॉलेजपेक्षा जास्त शिकलीस काय. मी म्हटलं, दोन तपासण्या आणि सरांची सही झाल्याशिवाय मला सील तोडता येत नाही. सर बनगावला. मी सोमवारी बाटल्या घेऊन येते. सोमवारी म्हणजे पाच दिवसांनी. मग ती म्हणाली – थांब, नीट सांगते, हे मला शब्दाशब्दानं आठवतं – म्हणाली, दीदी, मग मी तोपर्यंत माझी चिंधी बांधू का?

नको म्हटलं मी. एका पंपावर दोन खुणा असल्या की लोकांचा गोंधळ होतो, म्हटलं. आज चिंधी बांधलीस तर उद्यापासून चकती कोण मानेल? असं म्हटलं मी. मला ते फार शहाणपणाचं वाटलं तेव्हा. ती बरं दीदी म्हणाली आणि रिकामी बाटली घेऊन परत भिंतीवरून गेली. नियमानं चुकलं का काही माझं? सांग ना. कुठल्याही परीक्षेत हे उत्तर बरोबर धरतील. मी कितीदा ते सगळं पहिल्यापासून मांडून बघितलंय, कुठेही नियम मोडलेला नाही. त्या बुधवारपर्यंत तरी नाही.

रविवारी सकाळी या इथे फोन वाजला. रविवारी मी का आले होते, तर घरी बसवत नव्हतं. आरोग्य खात्यातला माणूस, आवाज चढलेला – नऊ नंबरच्या पंपाभोवती अकरा माणसं गेलीत शुक्रवारपासून, पाच त्यातली मुलं, तुमची चकती काय दाखवत होती? लाल की पांढरी? आणि मी म्हटलं, लाल. तेवढंच. विचार करून म्हटलं नाही रे, कुणी अंगावर हात उगारला की आपला हात जसा वर जातो तसं झालं. लाल, साहेब. मंगळवारपासून लाल आहे. तो म्हणाला ठीक आहे, दुपारी चारला पाहणी आहे, रजिस्टर आणा. फोन ठेवला आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. मग ते खरं करायला लागणार. टॅक्सी केली. हा चिमटा पदराखाली घेऊन गेले. गल्ली रिकामी, सगळे हॉस्पिटलात नाहीतर घाटावर. तार कापली, चकती फिरवली, नवं सील दाबलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बघ म्हणजे, दोन मिनिटांचं काम होतं ते. बुधवारी पण दोनच मिनिटं लागली असती.

आणि मागे वळले तर शकुन दारात.

 लोटा हातात, नुसती बघत होती. तिच्या घरात कुणालाच काही झालं नव्हतं, कारण तिनं स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवून गोदीच्या नळाचं पाणी आणलं होतं. तेच तिला भोवलं. चारला साहेब आले, चकती लाल, रजिस्टरमध्ये सीलचा नंबर, मंगळवारची तारीख. सहीची जागा मोकळी होती, ती दिगंबरबाबूंनी पुढच्या आठवड्यात येऊन भरली. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. रजिस्टर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पेन उघडलं आणि सही केली. पुन्हा कधी त्या पंपांचं नाव त्यांनी काढलं नाही, योजनाही तिथेच संपली. वस्तीतले लोक ओरडत होते, चकती पांढरी होती म्हणून. साहेब म्हणाले, असे लोक नेहमी असंच म्हणतात. मग शकुनला पुढे बोलावलं. तिनं सांगितलं, शनिवारी रात्रीपर्यंत पांढरी होती, आज सकाळी दीदींनी फिरवली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर पुढे केलं. साहेब तिला म्हणाले, चकती मंगळवारपासून लाल, तुझ्या घरात बाहेरचं पाणी, म्हणजे तुला माहीत होतं, आणि तू गल्लीला सांगितलं नाहीस. हे सगळ्यांसमोर म्हणाले. आणि तेच लोक, ज्यांनी तिला कॉलेजपेक्षा शिकलीस काय म्हणून हसून घालवलं होतं, त्यांना त्या दिवशी दोष टाकायला कुणीतरी हवं होतं. पंधरा दिवसांत तिची खोली गेली. भांडी रस्त्यावर काढली. नवऱ्यानं गोदी सोडली. मी बघायला गेले नव्हते, मीनाक्षीनं सांगितलं. मीनाक्षी रडली. मी तिला म्हटलं, प्रॅक्टिकलची वही पूर्ण कर.

तू लिहायचं केव्हा थांबवलंस? माझ्या लक्षातच आलं नाही. मघाशी लिहू नकोस म्हटलं तेव्हाच की काय.

ते वाक्य परत वाच बघू, आल्या आल्या वाचलंस ते. "धोक्याची खूण वेळेवर लावलेली असूनही स्थानिक रहिवाशांनी व देखरेख करणाऱ्या स्त्रीने तिच्याकडे दुर्लक्ष केले, यावरून लोकशिक्षणाची गरज स्पष्ट होते." छान लिहिलंय. मराठीत तर आणखीच छान वाटतं. तू खोडशील ते? नाही म्हणजे, मी विचारतेय. आता तुला सगळं कळलं, तू खोड, मी तुला लिहून देते काय झालं ते, माझं काय व्हायचं ते होईल, तीन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला – काय? छापून झालीय? पुस्तिका छापून झालीय. मग तू आलास कशाला? फक्त सहीला. तेव्हाची प्रभारी म्हणून फाइलला माझी सही हवी. आणि ती नसली तर? योजना अडकते. चाळीस कॉलेजांत हेच सुरू होणार, नव्या चकत्या तयार होऊन पडल्यात. आणि सील? काढा म्हणावं ते सील, निदान तेवढं तरी सांग त्यांना – पंपासमोर राहणाऱ्या बाईला चकती फिरवता आली पाहिजे, तपासणी मागाहून करा, आधी फिरवू दे तिला. काय म्हणालास? दोन? आता दोन सीलं लावणार. एक कॉलेजचं, एक म्युनिसिपालिटीचं. या प्रकरणावरून धडा घेऊन.

नाही, तुझा काय दोष. तुला पाठवलं, तू आलास. वर सांगून बघतो म्हणतोस, बघ सांगून. मीही चार वर्षं रोज म्हणतेय, उद्या सांगते. तूही सांगणार नाहीस, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय, तुला परवाची गाडी आहे आणि ही फाइल पूर्ण करून न्यायचीय. आण इकडे. पेन दे तुझं. इथे ना? विमल टेंबे, प्रभारी. तारीख आजचीच घालू ना, की तुला दुसरी कुठली हवीय?

झालं. घे. आता नीघ तू. डमडमला? हो, घर माझं तिकडेच, पण तुझ्याबरोबर नाही येत मी, तू हो पुढे. स्टेशनवर जिन्याच्या तळाशी एक बाई लिंबं घेऊन बसते, तिच्यापुढूनच जावं लागतं, दुसरी वाटच नाही. खोली गेल्यावर पहिल्या वर्षी एकदा तिनं मला हाक मारली. दीदी, कॉलेज खुला? एवढंच विचारलं, अगदी साधं, टोमणा नव्हता तो. मी थांबले नाही. सव्वासातला उठते ती. आता कुठे साडेसहा होतायत. जा तू, दार ओढून घे.